कायमचं पाणी

आमच्या बेटावरच्या शमें ग्रेनिए गावात वरच्या आळीत नळ होता, पाणी नव्हतं. खालच्या आळीत ते सांडून वाहायचं. ऐंशीच्या दशकात मी इंग्लंडहून गणित शिकून परत आले, तेव्हाही आई खालून बादल्या भरून चढ चढत होती. तिचे गुडघे कामातून गेले होते. मी पत्रकं छापली, दारोदार वाटली, तेव्हा कुठे पाणी खात्याचा साहेब देवळाच्या सभागृहात बोलणी करायला आला.

येताना त्याने लेखी वचनच आणलं: वरच्या आळीला पाणी पुन्हा पुन्हा, कायम येत राहील. आमच्या गावच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे माझे सख्खे काका. त्यांनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

"थांबा काका. हे वचन मोडलं असं कधी दाखवताच येणार नाही."

"मग चांगलंच की गं, बाय!"

सगळे हसले. मी तिथेच भरणाऱ्या मराठीच्या वर्गाचा फळा पुढे ओढला. रोज एक अक्षर लिहायचं: पाणी आलं तर प, कोरडा दिवस गेला तर क. दिवस संपत नाहीत, म्हणून अक्षरांची माळही संपत नाही. ती वाचणारं एक यंत्र समजा. प दिसला की ते एका खूण केलेल्या घरात जातं, क दिसला की बाहेर पडतं. अनंत वेळा त्या घरात आलं, तर वचन पाळलं. आता वर्षभर नुसते क लिहा. मोडलं का वचन? नाही! पुढे प येऊ शकतो ना. त्यापेक्षा असं लिहून घ्या: सलग तीन दिवस कोरडे जाणार नाहीत. तिसऱ्या क ला यंत्र अडकतं आणि साहेब सापडतो.

साहेब इतका वेळ वारा घेत होता. आता ताठ बसला. "तीन दिवसांचं मला लिहून देता येणार नाही. कायमचं देतो."

ऐका! तीन दिवसांची हमी ज्याच्याच्याने देववत नव्हती, तो कायमची देत होता.

"साहेब कायमचं देतोय आणि तू तीन दिवसांवर घासाघीस करतेस?" काका कडाडले. मागून कुणीतरी ओरडलं, "आयो, तिचं यंत्र बादली उचलतं का विचारा!"

सही झाली. साहेबाला हार घातला.

काही दिवस पाणी आलं, मग बंद झालं. मी खात्याच्या कचेरीत गेले. "तालेर, तालेर," साहेब म्हणाला. म्हणजे होईल, जरा थांबा. "आम्ही नाही कुठे म्हटलं? कोणत्या दिवशी वचन मोडलं, तो दिवस दाखवा."

दाखवायला दिवस नव्हता. असा दिवस नसतोच, हे मीच भर सभेत सिद्ध करून दिलं होतं.

मी नवं पत्रक लिहिलं, एकाच मागणीचं: सलग तीन दिवस कोरडे जाऊ नयेत. सहीसाठी आधी काकांकडे गेले. ते खालच्या आळीत राहायचे.

"भांडायचं कशावरून?" ते म्हणाले. "त्याने शब्द मोडलेला नाही."

त्याच आठवड्यात आई चढावर पडली. बघायला आलेल्या काकांनी तिला धीर दिला, "येईल गं वहिनी, पाणी येईल." आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने वळूनही पाहिलं नाही.