उजवीकडचं स्टिअरिंग

माझा मेहुणा वेंडल ऑस्टबी दीड वर्ष फ्रीझरवर झोपला. फ्रीझरमध्ये नव्हे, फ्रीझरवर. लोक मला माझ्याच कॅफेत, माझीच कॉफी पीत विचारायचे, "जोनेल, खरं का गं हे?" मी म्हणायची, "खरं आहे. आणि दात काढू नका, त्या घरात माझी सख्खी बहीण नांदतेय."

गॅरेजमध्ये हरणाचं मांस ठेवायचा तो लांबलचक आडवा फ्रीझर होता ना, त्यावर वेंडलने तंबू बसवला होता. गाडीच्या टपावर लावायचा तंबू, पुढे ॲल्युमिनियमची शिडी. गाडी अजून जपानात होती, पण सवय नको का व्हायला! वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. माझी बहीण अर्डिस शिडीखाली उभी राहून ओरडायची, "रात्रीतून तीनदा उठतोस तू. तिकडे अस्वलं फिरतात. उतरणार कसा?"

"होईल सवय."

सवय झाली ती अर्डिसला. जेवणाला मांस काढायचं म्हटलं की आधी नवऱ्याला उठवायचं, तंबू मिटायचा, मग झाकण उघडायचं. शेवटी तिने महिनाभर नुसत्या बटाट्याच्या हॉटडिश केल्या, म्हणजे सगळं एका भांड्यात घालून ओव्हनमध्ये ढकलायचं.

आता या खुळाचं मूळ सांगते. वेंडलने अडतीस वर्षं शाळेची बस चालवली. आमच्या स्वीड क्रॉसिंग गावात आज पन्नाशीच्या आत जो जो आहे त्याने वेंडलची मान मागून पाहिलेली आहे. सकाळी बावीस मैल, दुपारी बावीस मैल, तोच खडीचा रस्ता. शेवटचा थांबा लिंडक्विस्टांच्या फाटकाशी. तिथे बस वळवायची आणि परत फिरायचं. रस्ता मात्र तिथे संपत नव्हता. तो पुढे उत्तरेला टेकडीवर चढायचा आणि दिसेनासा व्हायचा. अडतीस वर्षं रोज त्या रस्त्याकडे पाठ केली, म्हणाला एकदा मला. त्यामुळे निवृत्त झाल्यावर त्याला एकच ध्यास लागला, जिथे रस्ताच संपतो तिथवर जायचं. म्हणजे पार वर कॅनडात, उत्तरेच्या समुद्राकाठी, टुक्टोयाक्टुकला. नावच बघा! तिथे पोचेपर्यंत तोंडातली कवळी पडायची.

बरं, आमच्याकडे काय गाड्यांचा दुष्काळ आहे? पण नाही. त्याला ती जपानी व्हॅनच हवी होती, उंच, डिझेलवर चालणारी, चारही चाकं ओढणारी, आपल्याकडे कधी न विकलेली. आणि आमच्या अमेरिकन सरकारचा नियम असा की असली परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाल्याशिवाय देशात आणायची नाही. वेंडलने निवडलेली गाडी ऑक्टोबर नव्व्याण्णवात बनलेली. म्हणजे त्याने घेतली तेव्हा तिला पंचविशी गाठायला एकोणीस महिने बाकी. तोवर ती कोबेच्या एका एजंटाच्या आवारात उभी. एजंट दर महिन्याला फोटो पाठवायचा. लोक नातवंडांचे फोटो दाखवतात, हा मेला व्हॅनचे दाखवायचा. "बघ, जोनेल, गेल्या महिन्यापेक्षा मोठी दिसते की नाही?"

"डोंबल दिसते!" मी म्हणायची.

ऑक्टोबर उजाडला तसा त्याने चर्चच्या तळघरात गाडीचा पंचविसावा वाढदिवस केला. बाजारात तुरी म्हणतात त्यातला प्रकार. केक मीच केला, काय करणार. पंचवीस मेणबत्त्या, भिंतीला टेकवलेला फोटो, आणि ऐंशी माणसं व्हॅनच्या फोटोसमोर उभी राहून गातायत. पाद्रीबाबांनी आशीर्वादही दिला. अर्डिस माझ्या कानाशी म्हणाली, "आमच्या लग्नाच्या पंचविसाव्याला हा माणूस बसचं ऑइल बदलत होता."

आणि नेमकी तिथेच माशी शिंकली. गाडी एकदाची पुरेशी म्हातारी झाली, तर वेंडल जरा जास्तच झाला. नोव्हेंबरात त्याला एकोणऐंशी पुरी होणार होती आणि त्याच दिवशी लायसन्स संपणार होतं. नवीन करायचं तर डोळे तपासून घ्यायचे. डोळ्यांचं म्हणाल तर दोन वर्षांपासून मधोमध एक करडा डाग बसला होता. कडेचं सगळं दिसायचं, समोरचं नाही. हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं, त्यातही वेंडल मानत नव्हता.

त्याने डॉक्टरकडचा अक्षरांचा तक्ता आणून फ्रीजवर चिकटवला आणि अर्डिसकडून वाचून घेऊन पाठ केला. सुलटा पाठ, उलटा पाठ. परीक्षेच्या दिवशी मी त्याला लायसन्सच्या ऑफिसात घेऊन गेले. काउंटरवरची मुलगी त्याच्याच बसमधली. पण तक्ता कुठाय! तिथे आपलं एक यंत्र, त्याला कपाळ लावून आत बघायचं. वेंडलने कपाळ लावलं आणि खणखणीत आवाजात शेवटची ओळ म्हणून टाकली, एक अक्षर चुकलं नाही.

मुलगी हळूच म्हणाली, "मिस्टर ऑस्टबी, मशीन अजून लावलंच नाहीये मी."

मग तिने लावलं. तो खूप वेळ तसाच वाकून राहिला. डोकं वर काढून म्हणाला, "पोरी, तुझे दोन्ही कान दिसतायत मला. मधलं तोंड कुठे गेलं?" ती मुलगी रडायलाच लागली. मी आपली पर्समध्ये किल्ल्या शोधत बसले, हातातच होत्या त्या.

डिसेंबरात व्हॅन टकोमाच्या बंदरात उतरली आणि ट्रकवर चढून आमच्या गावात आली. वेंडल दोन दिवस बाहेरच आला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "विकून टाका."

दोन वर्षं त्या गाडीच्या नावाने बोटं मोडणारी माझी बहीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "विकून टाका? एकोणीस महिने फ्रीझरवर झोपलास, मला बटाटे खायला घातलेस, आणि आता विकून टाका? चल, ऊठ. मी चालवते."

"तू?"

यात थट्टा नव्हती हं. बावन्न वर्षांच्या संसारात वेंडल गाडीत असताना अर्डिसने स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता. चर्च आणि किराणा, तेही तो घरी असताना, एवढीच तिची धाव.

"पोस्टाने पार्सल जातं तसा जाऊ का मी समुद्रावर?" वेंडल म्हणाला. "नुसता बसून? नाही जायचं मला."

"समुद्राचं राहू दे. दुकानापर्यंत तरी चल."

तेवढ्याला तो तयार झाला. तर काय, आमच्याकडच्या गाड्यांना स्टिअरिंग डावीकडे, या जपानी बाईला उजवीकडे. वेंडलने सवयीने डावं दार उघडलं, चढून बसला, पट्टा बांधला आणि हात पुढे केले. पुढे काहीच नाही. नुसताच डॅशबोर्ड. जित्याची खोड, दुसरं काय. उजवीकडून अर्डिस चढली. तिच्या अंगात मोडायला सवयच नव्हती कसली, त्यामुळे ती तासाभरात तयार झाली.

आणि मग सगळा हिवाळाभर एक गंमत चालली. गंमत म्हणते खरी. गावाच्या डोळ्यांना एकच ठाऊक, डावीकडे बसतो तो ड्रायव्हर. व्हॅन उंच, अर्डिस बुटकी, काचांवर चिखल आणि बर्फ. लोकांना दिसायचा तो फक्त वेंडल, डाव्या खिडकीत, डोक्यावर बसवाली टोपी. शून्याच्या खाली दहा अंश थंडीत काच उतरवून कोपर बाहेर ठेवायचा आणि सगळ्यांना हात करायचा. लोकही हात करायचे. अर्डिसला दोनदा सर्दी झाली. मी म्हटलं, "अगं, काच वर करायला सांग की त्याला!" ती म्हणाली, "राहू दे गं. बरं दिसतंय त्याला तिथून."

पण गावच ते. त्याचं लायसन्स गेल्याचं हळूहळू फुटलंच, आणि मार्चपर्यंत शेरीफच्या ऑफिसात सहा तक्रारी. म्हातारा दिसत नसताना गाडी हाकतो. एकीने शपथेवर सांगितलं की तो दोन्ही हातांनी थर्मासमधली कॉफी ओतत होता, चाळीसच्या वेगात. एकाने त्याला पेपर चाळताना पाहिलं. पाद्रीबाबांनी तर गाढ झोपलेला पाहिला, आणि तरी वळण म्हणे झकास घेतलं.

शेवटी एका शनिवारी सकाळी, ऐन नाश्त्याच्या गर्दीत, शेरीफच्या डेप्युटी ब्रायसने माझ्या कॅफेसमोरच व्हॅन अडवली. झाडून सगळे बाहेर आले, तोंडात घास तसाच. मी कॉफीचं भांडं हातात घेऊनच धावले.

ब्रायस डाव्या खिडकीशी गेला. गडी सहा फूट, पण वेंडलसमोर आवाज मऊ. "मिस्टर ऑस्टबी, लायसन्स दाखवता?"

"काढून घेतलं की. तुला माहितेय."

"म्हणजे तुम्ही लायसन्स नसताना..."

"हो. लिही."

ब्रायसने आत वाकून पाहिलं. स्टिअरिंगच्या जागी वेंडलच्या मांडीवर अर्धं सँडविच होतं. पलीकडे अर्डिस, दोन्ही हात चाकावर, नजर सरळ समोर.

"मिस्टर ऑस्टबी, तुमच्यासमोर स्टिअरिंग नाहीये."

"मग?"

"ते मिसेस ऑस्टबींच्या हातात आहे."

"ती नुसती धरून बसलीय."

सगळे फिदीफिदी हसले. मलाही आलं हसू, खोटं कशाला बोलू? पण वेंडलचे कान लाल झालेले दिसले आणि माझं हसू तिथेच विरलं. सुंभ जळला तरी पीळ जाईना त्याचा. दंड भरेन, तुरुंगात जाईन, पण सगळ्या गावासमोर 'मी चालवत नाही' हे तोंडातून काढणार नाही.

ब्रायस कानाशी खाजवत म्हणाला, "लिहू काय मी? गाडी न चालवता लायसन्सशिवाय गाडी चालवली?"

"तू चौथीत बसमध्ये बूट फेकला होतास," वेंडल म्हणाला. "वर्षभर तुला पुढच्या सीटवर बसवला मी. तेव्हा घातला होतास का एवढा वाद?"

"मी नव्हता फेकला. माझ्या भावाने फेकला होता."

"आणि हे तू आता सांगतोस?"

"तेव्हा सांगितलं असतं तर घरी त्याची चामडी लोळवली असती. म्हणून बसलो पुढे."

वेंडलने कोपर आत घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "मग न केलेलं अंगावर का घेतात ते तुला कळतंय की रे, ब्रायस. लिही ना."

पलीकडून अर्डिस म्हणाली, "लिही बाबा. लिहून घेतल्याशिवाय हा घरी यायचा नाही, आणि माझी हॉटडिश ओव्हनमध्ये आहे."

ब्रायसने खिशातून पुस्तक काढलं, बॉनेटवर ठेवलं आणि एक ताकीद लिहिली. दंड नाही, नुसती ताकीद. वेंडलने कागद डोळ्याच्या कडेला धरून पाहिला, जमेना, तेव्हा माझ्याकडे दिला. "वाच, जोनेल. मोठ्याने."

मी वाचलं. "चालक, वेंडल ऑस्टबी."

त्याने कागदाची घडी करून काचेवरच्या, ऊन अडवायच्या झडपेत खोचली. कुणी हसलं नाही. मग तो उजवीकडे वळून म्हणाला, "अर्डिस, जूनमध्ये निघायचं का?"

निघाले. माझा जीव टांगणीला लावून गेले. तिचं वय शहात्तर, त्याचे डोळे तसले, वाटेत शेकडो मैल खडी, आणि फोनला रेंज नाही. तीन आठवडे मी प्रत्येक गिऱ्हाइकावर खेकसत होते. तंबूत एकच रात्र झोपले, नंतर मोटेलात, हे मला पहिल्याच पोस्टकार्डावरून कळलं.

जुलैत एक फोटो आला. मोटारसायकलवरच्या कुणा प्रवाशाने काढलेला. करडा समुद्र, खडीच्या रस्त्याचा शेवटचा तुकडा, आणि चिखलाने माखलेली व्हॅन धूळ उडवत चाललीय. मी तो गल्ल्याच्या वर चिकटवला. सगळ्यांनी पाहिला, वा वा केलं आणि पॅनकेक मागवले.

ब्रायस आला तो मात्र फोटोसमोर उभाच राहिला. टोपी काढून जवळून पाहिलं.

"जोनेल," तो म्हणाला, "डाव्या खिडकीत मिसेस ऑस्टबी आहेत."

"हो. कोपर बाहेर काढलंय बघ. त्याचीच टोपी घातलीय."

"मग चालवतंय कोण?"

मी त्याच्या कपात कॉफी ओतली. तिच्या खांद्यापलीकडे आत अंधार होता. पण नीट पाहिलं तर तिथे दोन हात दिसत होते, हाडकुळे, डाग पडलेले. ब्रायसने फोटोवर बोट टेकवलं.

"दोन्ही हात चाकावर आहेत," तो म्हणाला.

"अडतीस वर्षं तसेच होते," मी म्हटलं, आणि त्याचे पॅनकेक आणायला आत गेले.