डोहावरची मोजपट्टी

एर्लिंदा माएस्तासचा आवाज काही गोड नव्हता. चर्चमध्ये ती गायला लागली की पुढच्या बाकावरच्या बायका अंग चोरून बसायच्या. पण संध्याकाळी पाटाच्या मुखाशी उभी राहून तिने गार्सा ओढ्याचा आकडा ओरडला, की सगळं लोस तापियास गाव हातातलं काम टाकून ऐकायचं.

"दीड फूट! लाल रेघेच्या वर!"

पाटातून शेतात पाणी सोडणाऱ्या पहिल्या दारावरचा माणूस तोच आकडा पुढे ओरडायचा, दुसरा त्याच्या पुढे, आणि ती हाक पाटाच्या कडेकडेने उतरत शेवटच्या शेतापर्यंत जायची. फोन सगळ्यांच्या खिशात होते. पण फोनवरचा आकडा कुणी मानत नसे. कानाने ऐकायचा आणि आपल्या तोंडाने पुढच्याला द्यायचा. एकदा तोंडून गेला की दुसऱ्या दिवशी त्यावर भांडायची सोय राहत नाही.

नियम आजोबांच्या काळापासूनचा. पाणी मोजपट्टीवरच्या लाल रेघेच्या वर असलं, तर सगळी दारं उघडी, ज्याने त्याने हवं तेवढं घ्यावं. रेघेच्या खाली गेलं की पाळ्या, आणि पाळ्या शेवटच्या शेतापासून.

शेवटचं शेत मेलितोन अर्चुलेताचं. त्याच्या पुढे दारच नव्हतं, म्हणून तो आकडा आपल्या म्हाताऱ्या खेचराला सांगायचा. "ऐकलंस का रे? रेघेच्या वर आहे म्हणे. पी आता, पोटभर चिखल पी."

तो असं म्हणायचा त्याला कारण होतं. वरची सगळी दारं उघडी राहिली की त्याच्यापर्यंत पाणी पोचतच नसे. त्या वर्षी सांग्रे दे क्रिस्तो डोंगरांच्या माथ्यावर बर्फ जेमतेम पडलं होतं. जूनमध्येच वरचे काळे खडक उघडे दिसायला लागले. ओढा रोडावला होता, हे डोळ्यांना दिसत होतं. पट्टी मात्र रोज दीड फूट सांगत होती.

पट्टी खोटं का बोलते हे एर्लिंदाला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्यामुळे.

अबेनिसिओ माएस्तास लोस तापियासचा पाटकरी. उंच, सुस्त, विचार करताना एकेक बोट कडाकडा मोडायची सवय. लग्न होऊन एर्लिंदा पलीकडच्या खोऱ्यातून आली तेव्हा तिला वाटलं होतं, हा माणूस दिवसभर नुसता ओढ्याकडे बघत बसतो. मग कळलं, ते बघणं हेच त्याचं काम. दुपारच्या उन्हात वर वितळलेलं बर्फ खाली पोचायला संध्याकाळ होते, म्हणून गार्सा सकाळी लहान आणि दिवस कलताना मोठा. पट्टी दोन्ही वेळी वाचावी लागते. एका मे महिन्यात, वर एकदम ऊन तापलं होतं, ओढ्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता, तेव्हा तो संध्याकाळचा आकडा बघायला गेला. त्याची टोपी वाळुंजाच्या फांदीत अडकलेली सापडली. तो नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव दोर आणि लांब काठ्या घेऊन काठाने हिंडलं. दुपारी शोधून थकलेली माणसं पाटाच्या मुखाशी गोळा झाली. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. दारं किती उघडायची? एर्लिंदा उठली, पट्टीपाशी गेली, वाकून बघितलं आणि मुखाशी येऊन आकडा ओरडली. तिचा पहिला आकडा.

"माझा भाऊ पाण्यात होता," तिची नणंद क्लेओफास आजही भाकरी भाजता भाजता म्हणायची, "आणि ही बाई फूट-इंच सांगत होती."

"लोकांची पिकं होती, क्लेओफास."

"होती ना. पिकं दर वर्षी असतात."

त्याच पुरात पट्टीच्या थोडं खाली एक जुना पॉप्लर मुळासकट आडवा झाला. त्याला फांद्या अडकल्या, दगड थटले, गाळ साचला आणि मागे डोह झाला. क्लेओफासने ठरवून टाकलं की अबेनिसिओ त्या झाडाखाली आहे. कुणी तिला नाही म्हणालं नाही. पाद्रीबाबांनी येऊन डोहावर पाणी शिंपडलं. लोक मेणबत्त्या ठेवू लागले. ते झाड हलवायची गोष्ट कुणी काढेना.

ज्याला पुरलेलं नाही त्याचं नाव गावात खोडत नाहीत. म्हणून वसंतात पाट साफ करायला सगळे जमले की हजेरीत अजून त्याचं नाव पुकारलं जाई. "अबेनिसिओ माएस्तास!" आणि एर्लिंदा फावडं टेकून म्हणे, "हजर."

डोह दर वर्षी वाढत गेला. झाडाने अडवलेलं पाणी मागे फुगतं. ओढ्यात पाणी कमी असलं तरी पट्टीपाशी उंच दिसतं. एर्लिंदाकडे अबेनिसिओची चकरी होती. दांड्याला लावलेल्या छोट्या वाट्यांची ती चकरी पाण्याच्या वेगाने फिरते, आणि प्रत्येक फेऱ्याला कानातल्या यंत्रात टक वाजतं. डोहाच्या वर, वाहत्या पाण्यात उभं राहून ती खरा ओघ मोजायची, पट्टीच्या आकड्यातून डोहाचा फुगवटा मनातल्या मनात वजा करायची आणि उरलेला आकडा ओरडायची. वर्षानुवर्षं कुणाला कळलं नाही.

त्या जूनमध्ये कळलं. वरच्या दारांवरचा एक जण तिच्यामागून स्वतः पट्टी बघून आला. रेघ पाण्याखाली बुडालेली. पुढच्या रविवारी चर्चबाहेर कुजबुज झाली, की एर्लिंदा मेलितोनसाठी आकडा पाडते. तेव्हापासून तिने वजाबाकी सोडली. पट्टी दाखवेल ते ओरडायचं. नवी पट्टी दुसरीकडे बसवायची तर पाण्याच्या ऑफिसचा माणूस म्हणाला होता, एक पूर्ण हंगाम मोजावं लागेल.

मेलितोनकडे हंगाम नव्हता. तो एर्लिंदाच्या मुलीचा धर्मपिता, म्हणून तिला कोमाद्रे म्हणायचा, ती त्याला कोम्पाद्रे. तो एक दिवस स्वयंपाकघरात येऊन बसला आणि टोपी काढून टेबलावर ठेवली.

"कोमाद्रे, घेवडा फुलावर आलाय."

"मग चांगलंच."

"फूल गळतंय. पाणी नाही." त्याने कॉफीत साखर ढवळली. "माझ्या आईचा घेवडा आहे तो. मागच्या वर्षी गारपिटीने अर्धा गेला, या वर्षी होतं नव्हतं सगळं बी पेरलं. हा गेला की संपलं. दुकानातला आणून लावीन, पण तो आईचा नव्हे."

"मग देवाला सांग," क्लेओफास चुलीपासून म्हणाली. "बर्फ तो पाडतो."

"देव बर्फ पाडतो, क्लेओफासबाई. पण ते अडवून बसलाय तुमचा भाऊ."

क्लेओफासने उलथनं खाली ठेवलं.

"काय म्हणालास?"

"चुकलो. झाड म्हणायचं होतं."

"झाड नाही म्हणालास तू."

"ठीक आहे, भाऊच म्हणालो! जिवंत असताना त्याने कधी माझं दार बंद केलं नाही. आणि आता बघा!" त्याने टोपी उचलली. दारातून वळून हळू म्हणाला, "कोमाद्रे, माझा ट्रॅक्टर आहे. साखळी आहे. तुम्ही म्हणा फक्त."

क्लेओफास त्याच्या पाठीकडे बघत राहिली. "याद राख," ती एर्लिंदाला म्हणाली. "तो एकटाच झोपलाय तिथे. त्याला उपसू देणार नाही मी."

त्या दुपारी उन्हं तिरपी झाल्यावर एर्लिंदा चकरी घेऊन ओढ्यात उतरली. डोहाच्या वर पाणी पोटरीपर्यंतच होतं. कानात टक... बऱ्याच वेळाने टक. सुकलेल्या ओढ्याचा आवाज. तिला आकडा काढायचीही गरज वाटली नाही.

मग ती, का कोण जाणे, दांडा घेऊन खाली डोहात आली. पाणी मांडीपर्यंत, काळं, थंड. वर एक पान तरंगत होतं ते जागचं हलत नव्हतं. चकरीच्या वाट्या स्थिर होत्या. तिला त्या दिसत होत्या.

टक.

तिने खाली बघितलं. वाट्या हलल्या नव्हत्या.

टक. टक. टक. आणि थोडं थांबून, जसं अंगठ्याला जरा जास्त जोर लागतो तसं, टक.

"वायर ओली झालीय," एर्लिंदा मोठ्याने म्हणाली. वायर खरंच जुनी होती. तिने जोड पुसला, फुंकर मारली. दुसऱ्या हाताची बोटं मोडावी तसं कानात पुन्हा सुरू झालं.

तिच्या पायाखालचा गाळ मऊ होता. ती पाय उचलायला भीत होती.

"अबेनिसिओ," ती म्हणाली. "मी रोज खोटं ओरडते. तुला ऐकू येतं ना? रोज ऐकतोस तू. मेलितोनचा घेवडा जळतोय आणि मी रेघेच्या वर म्हणते. तू असतास तर म्हणाला असतास?"

आवाज थांबला. पान तसंच होतं. ती बराच वेळ वाट बघत उभी राहिली, पाय बधिर होईपर्यंत, पण कानात मग काही वाजलं नाही. काठावर चढताना तिच्या लक्षात आलं, आपण कुजबुजत होतो. कुणी झोपलेलं असावं तसं.

घरी येऊन तिने क्लेओफासला सांगितलं, "उद्या सकाळी झाड काढणार."

क्लेओफास रडेल, ओरडेल असं तिला वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "मग मी येणार. तो निघाला तर त्याला ओळखायला घरचं कुणी हवं. तू आकडा बघत बसशील."

सकाळी ओढा सगळ्यात लहान असतो, तेव्हा मेलितोन ट्रॅक्टर घेऊन आला. टोमणा नाही, थट्टा नाही. एर्लिंदाने गाळ पाटात शिरू नये म्हणून आधी पाटाचं मुख बंद केलं. मग साखळी पॉप्लरच्या बुंध्याला बांधली. वरच्या दारांवरचे लोक काठावर येऊन टोप्या हातात धरून उभे राहिले. अंत्ययात्रेला यावं तसे.

पहिल्या ओढीला साखळी नुसती ताणली. दुसऱ्या ओढीला झाड कण्हलं. तिसऱ्या वेळी बुंधा फिरला आणि डोह सुटला. काळं पाणी फांद्या, दगड, मेणबत्त्यांच्या बाटल्या घेऊन खाली धावलं. त्याचा वास आला, खूप दिवस बंद ठेवलेल्या खोलीचा.

पाणी ओसरल्यावर क्लेओफास, झगा कमरेला खोचून, गाळात उतरली. कुणी तिला अडवलं नाही. ती काठीने टोचत, हाताने चाचपत इकडून तिकडे गेली, पुन्हा आली. झाडाच्या मुळांखाली हात घातला. खांद्यापर्यंत घातला. खाली गुळगुळीत दगड होते. नुसते दगड.

ती वर बघून म्हणाली, "नाहीये."

मग तिने चिखलाचे हात झग्याला पुसले.

"एर्लिंदा, तो इथे नाहीये. मग मी इतकी वर्षं कुणाशी बोलत होते गं?"

कालचा कानातला आवाज एर्लिंदाला आठवला आणि ती काठावर बसली.

संध्याकाळी वरचं पाणी खाली पोचलं तेव्हा तिने पट्टी वाचली. रेघ पाण्याच्या वर, कोरडी, लाल. मुखाशी येऊन तिने ते उघडलं आणि ओरडली, "अर्धा फूट! रेघेच्या खाली! पाळ्या, शेवटच्या शेतापासून!"

पहिल्या दारावरच्या माणसाने तोच आकडा पुढे ओरडला आणि आपल्या दाराची फळी खाली केली. एकेक दार बंद होत गेलं. पाणी कुठेही न थांबता खाली गेलं आणि एर्लिंदा त्याच्या बरोबरीने काठाने चालत गेली.

मेलितोन आपल्या दारापाशी उभा होता. फळी खालीच होती. गढूळ पाणी तिला येऊन थटलं होतं आणि कडेने वर चढत होतं.

"कोम्पाद्रे, उघडा ना. कड फुटेल."

"गढूळ आहे."

"असणारच. इतक्या वर्षांचा गाळ."

"गाळच ना?" त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "मी त्याला काय काय बोललो, कोमाद्रे. अडवून बसलाय म्हणालो. आता तो तिथे नव्हताच, तर मग..." त्याने पाण्याकडे बोट केलं आणि लगेच मागे घेतलं.

एर्लिंदाने फळीचं एक टोक धरलं. ओलं लाकूड जागा सोडेना. मेलितोनने टोपी खिशात कोंबली आणि दुसरं टोक धरलं. फळी वर आली.

पाणी शेतात शिरलं. पहिल्या वाफ्याशी जरासं अडलं, गोल फिरलं, मग घेवड्याच्या मुळांकडे वळलं. जमीन भेगाळलेली होती. ती पाणी प्यायला लागली आणि बारीक बारीक आवाज यायला लागले.

मेलितोन वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "ये."

कुणाला म्हणाला, हे एर्लिंदाने विचारलं नाही. दुसरा वाफा फोडायला फावडं कुठे आहे, एवढंच विचारलं.