हळद लावलेलं माकडाचं घड्याळ

माजा साडू, म्हंजी बायकोच्या धाकल्या भैनीचा नवरा, वसमतचा. त्याच्या मनगटावर जुनं चावीचं घड्याळ. डायलवर टोपीवालं माकड, आन माकडाचे दोन हात म्हंजीच काटे. सासरवाडीत कुनी बी आलं की पयले त्याचं मनगट धरनार, कवतिक करनार. थोरला जावई मी, पन मला म्हननार, "पाव्हने, तेवढा पान्याचा तांब्या सरकवा."

लई जळलो. शाळेत गेलो न्हाई, पन जळायला शाळा लागत न्हाई.

हिंगोलीच्या बाजारात मला तसलंच माकड घावलं. नवं कोरं, डायल दुधावानी पांढरी. साडूची डायल पिवळी. म्या म्हनलं, जुनं म्हंजी पिवळंच की! घरात यंदाची हळद पडली व्हती. चाकूनं काच उचकटली आन डायलला हळद चोळत बसलो.

बायको म्हनली, "काहून हळद लावून राहिले हो? लगीन हाय का माकडाचं?"

मंग सासरवाडीत ऐटीत हात फिरवला. म्हनलं, माजं तुमच्याहून बी जुनं. साडू बिचारा खूश झाला. "चला दादा, घड्याळाच्या कारागिराला दावू. दोन्हीचं वय कळंल."

आता न्हाई कसं म्हनावं?

कारागिरानं पयले साडूचं झाकन उघडलं. आतून सुईनं कोरलेल्या बारीक बारीक खुना. "ज्यानं ज्यानं दुरुस्त केलं, त्यानं आपली खून केली. हे तुमा दोघायच्या जन्माआधीचं," तो म्हनला.

माजं झाकन आतून नव्या ताटावानी चकचकीत. त्यानं काच काढली, डायलवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"हे यंदाच्या हंगामाचं. हळद झ्याक हाय. किती एकर लावली?"

दुकानातले समदे खो खो हसले. एकटा साडू हसला न्हाई. भाईर आल्यावर हळूच म्हनला, "दादा, घरी मी काई सांगत न्हाई. इचारलं तं म्हनू, दोन्ही बराबर जुने."

तेवढ्यानं तं मी जास्तच पेटलो. घड्याळ त्याचं खरं, आन आता मन बी त्याचंच मोठं? मानसानं जळावं तरी किती बाजूंनी! त्याला तेवढा मोठेपना बी भेटू द्यायचा न्हाई म्हनून, सासरवाडीत पाय ठेवल्या ठेवल्या म्याच समदं सांगून टाकलं, हळदीसकट.

सासरे पोट धरून हसले. बायकोनं पदर तोंडात कोंबला. आन आता परवानगी भेटल्यावानी साडू बी हसला. कसला मोकळा हसतो गडी! मला तसं हसता बी येत न्हाई.