चौथ्या गाण्यातला श्वास

मुलीने मोबाइल माझ्यापुढे धरला तेव्हा मी गवार मोडत बसले होते.

"आई, हा तुमचाच अल्बम ना? कोणीतरी खरखर काढून नेटवर टाकलाय."

पडद्यावर आमच्या कॅसेटचं कव्हर होतं. निळं आकाश, त्यात जरा जाडसर झालेलं पांढरं कबूतर, आणि खाली "गायन : तरुण संघ". पहिल्या बाजूचं चौथं गाणं माझं. घरात एवढंच सगळ्यांना माहीत होतं, की आई पूर्वी गायची आणि तिची एक कॅसेट निघाली होती. गाणं का थांबलं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याने लग्नानंतर एकदा विचारलं तेव्हा "वेळ कुठे मिळतो" म्हणाले होते. मुलीने स्वतःचे हेडफोन माझ्या कानांवर चढवले आणि ती क्लासला गेली.

त्याआधीचं सांगायला हवं.

आम्ही कसबा पेठेच्या कडेला दोन खोल्यांत राहायचो. पप्पा सरकारी कचेरीत कारकून होते आणि रविवारी उपासनेत शास्त्रवाचन करायचे. चर्चमध्ये तेव्हा जुनी संथ गीतं चालत. मग तरुण संघाच्या दादांनी, म्हणजे आम्हाला गाणं शिकवणाऱ्या एका शाळामास्तरांनी, कीबोर्ड आणला आणि त्यावर ड्रमचा ठेका लावून स्वतः रचलेली मराठी गाणी बसवली. म्हातारी मंडळी म्हणाली, "हे चर्च आहे की गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा?" आम्ही मात्र वेडे झालो होतो. आपल्या प्रभूची गाणीही अशी असू शकतात, कॉलेजात कुणाला ऐकवताना लाज वाटणार नाही अशी, हे आम्हाला पहिल्यांदाच कळत होतं.

माझ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात एक ओळ होती : "तू दार उघडं ठेवलंस, मी उशिरा आले तरी." ती एका श्वासात म्हणायची आणि शेवटचं "तरी" उंच धरून ठेवायचं. मला लहानपणापासून दमा. दर तालमीला "मी"च्या आधी माझा श्वास तुटायचा. दादा म्हणायचे, "दार उघडलंय, आणि तू उंबऱ्यातच बसकण मारतेस."

रेकॉर्डिंग झालं ते भिंतींना गाद्या ठोकलेल्या एका खोलीत. मी ते गाणं पुन्हा पुन्हा म्हटलं. प्रत्येक वेळी ओळ तुटली असंच मला वाटलं. शेवटी काचेपलीकडून दादा म्हणाले, "झालं. उत्तम."

नाताळच्या आधी कॅसेट हातात आली. ती ओळ अखंड होती. "तरी" तर असं लांबलं होतं की मलाच धाप लागली.

"हा माझा आवाज वाटतच नाही," मी दादांना म्हणाले.

"टेपवर स्वतःचा आवाज कुणालाच स्वतःचा वाटत नाही," ते हसून म्हणाले. आणि ते खरंही आहे.

आमच्यात साक्ष देतात. देवाने आपल्यासाठी काही केलं असेल, तर रविवारी उभं राहून मंडळीसमोर ते सांगायचं. मी एरवी चार माणसांत तोंड न उघडणारी, पण त्या रविवारी उभी राहिले. सांगितलं, की जे मला कधीच जमलं नव्हतं ते त्या खोलीत जमलं, कारण त्याने मला श्वास दिला. बायका डोळे पुसत होत्या. पप्पांची मान खाली होती. दादा कीबोर्डपाशी बसले होते. ते म्हणाले, "आमेन."

त्यानंतर लग्नांत, नाताळात मला तेच गाणं म्हणायला लावत. तिथे श्वास तुटायचाच. कधी सर्दी झाली म्हणायची, कधी धूळ.

पुढे मी ऑफिसातल्या एका हिंदू मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. पप्पांनी आदळआपट केली नाही. दारात उभं राहून ते एकच वाक्य बोलले : "ज्याने तो श्वास दिला त्याच्याकडे पाठ फिरवते आहेस. बघ आता राहतो का."

कोथरूडच्या नव्या घरात एके दुपारी मी कॅसेट लावली आणि बरोबरीने म्हणू लागले. टेपमधली मुलगी पुढे निघून गेली आणि मी "मी"पाशी तुटले. बरेच दिवस करून पाहिलं. मग कॅसेट माळ्यावर टाकली. इथे सर्दी-धुळीची सबब नव्हती. पप्पा बरोबर होते. दिलेलं परत घेतलं गेलं होतं.

पप्पा गेले तेव्हा आई म्हणाली, "तुझं ते गाणं म्हण कबरीपाशी. त्यांना आवडायचं." मी म्हणाले, घसा बसलाय. घसा ठणठणीत होता. जो आवाज त्यांनी बजावूनही गमावला, तो त्यांच्या शवपेटीसमोर काढायची मला लाज वाटली. त्या नकाराचं ओझं मी आजवर वाहिलं. प्रार्थनेला बसले की आधी तेच समोर यायचं.

तर, हेडफोन. गवार मांडीवर तशीच. ती ओळ आली. आवाज सरळ वर गेला. आणि त्याच्या खालून, शेजारच्या घरातून यावा तसा, बरोबर "मी"च्या आधी कुणीतरी श्वास ओढला. त्या श्वासाला बारीक शिट्टी होती, दम्याची. मी ते परत लावलं, आणखी परत लावलं. गाण्यात दोन मुली होत्या. शिट्टीवाली मी होते. दुसरी कोण, ते मला ठाऊक नव्हतं.

दादा आता खडकवासल्याच्या बाजूला मुलाकडे राहतात. शनिवारी स्कूटर काढली.

"दादा, चौथं गाणं कोणी म्हटलंय?"

त्यांनी चष्मा काढला. "अगं, तुला अजून माहीत नाही?"

"नाही."

"तुझी डमी होती. म्हणजे कच्चं गाणं, पुढच्याला वाट दाखवायला. आधी तेच ठेवणार होतो. पण कॅसेटवाले म्हणाले, ओळ तुटते, चालणार नाही. मग मुंबईची एक मुलगी आली, तुझं गाणं हेडफोनवर ऐकत ऐकत वरून गायली आणि चहा पिऊन गेली. हेडफोनमधला तुझा आवाज थोडा माइकने उचलला असेल. कॅसेटच्या खरखरीत कुठे ऐकू येणार?"

"मी साक्ष दिली. तुम्ही आमेन म्हणालात."

"अख्खी मंडळी रडत होती. मी काय उठून म्हणायचं, रडू नका, बाई मुंबईची आहे?"

"नंतर तरी सांगायचंत."

त्यांनी चष्मा परत चढवला. "त्याच आठवड्यात तुझ्या पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, राहू दे, पोर आनंदात आहे."

सूनबाईंनी पोहे आणले. मी ते खाल्ले, वर छान झालेत असंही म्हणाले. माझं सगळं आयुष्य असंच गेलंय.

दादांवरचा राग परत येताना रस्त्यातच उतरला. त्यांना कॅसेट काढायची होती आणि ती त्यांनी काढली. पप्पांचं तसं नाही. आधी ते मायेने गप्प राहिले, हे मी समजू शकते. पण दारात उभं राहून ते वाक्य बोलले तेव्हाही त्यांना माहीत होतं. रागाच्या भरात विसरले असतील, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही. शास्त्रातली पानंच्या पानं तोंडपाठ असलेला माणूस. जे माझ्याकडे कधी नव्हतंच ते हिरावून घेतलं जाईल, असा शाप त्यांनी मला दिला आणि मी तो इमानदारीने भोगला. देवासमोर न केलेल्या गुन्ह्याची माफी मागत राहिले. क्षमा करावी हे मला लहानपणापासून शिकवलंय. शिकवणारे तेच.

नोव्हेंबरात आम्ही कबरस्तानात फुलं घालायला जातो. आईला गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, म्हणून मी घडीचं स्टूल नेते. कबर पुसून झाली, शेवंती मांडली. आईने दरवर्षीसारखं म्हटलं, "या वर्षी तरी म्हण."

मी म्हटलं. त्यांना माफ केलं म्हणून नाही. त्यांनी एकदा खरं ऐकावं म्हणून. "तू दार उघडं ठेवलंस" इथे थांबले, शिट्टीसकट श्वास घेतला आणि मग उरलेली ओळ म्हटली. "तरी" फार टिकलं नाही.

आई मान हलवत होती. "घरी म्हणायचीस तसंच," ती म्हणाली. "कॅसेटवरची ती बाई मला कधी आवडलीच नाही."

"आई, तुलाही माहीत होतं?"

ती मेणबत्ती लावायला वाकली होती. "आधी ही धर, वारा लागतोय."

मी मेणबत्ती धरली आणि पुन्हा विचारलं.