टाकीच्या तोंडाशी वहिनी

खरं तर ती वहिनी एकट्या धाकट्याची, म्हणजे तिच्या दिराची. पण कामावर तो दिवसभर "वहिनी, हे कुठंय? वहिनी, ते कुठंय?" करत ओरडायचा, म्हणून बाकीच्यांच्या तोंडीही तेच बसलं. पुढे तर मोठमोठ्या इमारतींचे व्यवस्थापकसुद्धा फोनवर "वहिनी आहेत का?" असंच विचारायला लागले.

इमारतींच्या पाण्याच्या टाक्या साफ करायच्या, गळत असतील तर आतून लेप द्यायचा, हे या घराचं काम. नवरा, दीर आणि लंबू नावाने ओळखला जाणारा एक उंच, अबोल गडी, एवढी टोळी. काम सासऱ्यांनी सुरू केलेलं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा नुसत्या बादल्या ओढायची. पण तिचा आवाज खणखणीत, नजर चौफेर, आणि कुणापुढे किती नमायचं याची समज पक्की. सासरे थकले तसा कारभार आपसूक तिच्याकडे आला. नवऱ्याला त्यात कमीपणा वाटला नाही. "हात मी चालवतो, तोंड ती चालवते," असं तो खुशाल सांगायचा.

लग्नाआधी ती बांधकामावर विटा वाहायची. तिथे एक मजूर सांडपाण्याच्या खोल टाकीत उतरला आणि वर आलाच नाही. त्याला काढायला त्याचा मेहुणा उतरला, मेहुण्याला काढायला आणखी कुणी. अग्निशामक दलाची गाडी आली तोवर सगळं संपलं होतं. त्यांच्यातला एक पिकल्या मिशांचा जवान विटांच्या ढिगावर टेकला होता. तिने त्याला विचारलं, "काका, एवढी धडधाकट माणसं, एकालाही वर येता आलं नाही?"

"पोरी, पहिला गेला तो नकळत," तो म्हणाला. "मागचे गेले ते मायेपोटी. पण आत हवाच नाही म्हटल्यावर माया काय करणार?"

हे बोलणं तिच्या मनात रुतून बसलं. कारभार हाती आल्यावर तिने आधी टाकीच्या तोंडावर ठेवायची लोखंडी तिपाई आणली, तिला कप्पी, दोर आणि दोर गुंडाळायची फिरती मूठ. मग अंगात घालायचे पट्टे, आत ताजी हवा सोडणारा ब्लोअर, आणि आतली हवा श्वास घेण्याजोगी आहे का ते सांगणारं मुठीएवढं यंत्र. दिराला हे सगळं थोतांड वाटायचं.

"वहिनी, बाबा आयुष्यभर असेच उतरले. त्यांना काय झालं?"

"काही झालं नाही, म्हणून तर तुम्ही आज माझ्याशी वाद घालताय, भावजी. पट्टा घाला."

"दावणीला बांधताय मला!"

"बांधते. सुटलात तर शोधत कुठे फिरू?"

लंबू तोंड फिरवून हसायचा. दीर धुसफुसत पट्टा चढवायचा. तोंडाने तिला कितीही बोलला तरी तिचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती. म्हणजे, त्या दिवसापर्यंत तरी नव्हती.

काम एका दुकानांच्या इमारतीतलं होतं. तळघरात, गाड्या लावायच्या जागेच्या कोपऱ्यात, आग विझवायच्या पाण्याची लोखंडी टाकी जमिनीत पुरलेली. पाणी उपसून झाकण लावून ठेवलेलं, तेही कित्येक महिने. झाकण उघडलं तेव्हा वास नाही, धूर नाही, बॅटरीच्या उजेडात तळ स्वच्छ दिसत होता. वहिनीने दोरीला बांधून यंत्र आत सोडलं, तर ते किंचाळायलाच लागलं.

"गंज चढलाय. आतली हवा त्या लोखंडाने खाऊन टाकलीय," ती म्हणाली. "ब्लोअर लावू. यंत्र गप्प होईपर्यंत कुणी पाय टाकायचा नाही."

ब्लोअरची वायर लावायला जवळ जागा नव्हती. ती इमारतीच्या पहारेकऱ्याला घेऊन तळघराच्या दुसऱ्या टोकाच्या विजेच्या बोर्डाकडे गेली. दीर पट्टा घालून, दोर अडकवून तोंडाशी बसला होता. तिथे खेळता खेळता त्याच्या हातून बॅटरी निसटली आणि टणटण करत तळाला गेली.

"जातो न् येतो. श्वास रोखून धरतो," तो म्हणाला आणि मोठा भाऊ "अरे, थांब!" म्हणेपर्यंत शिडीच्या निम्म्यावर पोचलासुद्धा. बॅटरी उचलायला वाकला. उठताना बहुधा त्याने एकच श्वास घेतला असावा. गुडघे मुडपले आणि तो एखादं पोतं पडावं तसा कोसळला.

वायर जोडून होते न होते तोच ओरडा ऐकून वहिनी धावत आली. नवरा आणि लंबू कप्पीची मूठ फिरवत होते, पण दोर ताठ झाला होता न् माणूस हलत नव्हता. दोर शिडीच्या पायरीमागे अडकला होता.

"अडकलंय! मी उतरतो," म्हणत नवऱ्याने टाकीच्या कडेवर पाय टाकला.

वहिनीने त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवले आणि असा ढकलला की तो मागे गाडीच्या चाकावर जाऊन आदळला. मग ती टाकीच्या तोंडाशी वाट अडवून उभी राहिली.

"सरक, बाजूला हो! भाऊ आहे माझा!"

"माझा दीर आहे. तुम्ही उतरलात तर मी दोघांना नाही काढू शकणार. मूठ धरा."

"दोर हलत नाहीये!"

"मग ढील द्या."

"खाली सोडू त्याला? तो मरतोय आणि मी खाली सोडू?"

"ढील द्या म्हणते ना!"

आपल्या आवाजात एवढी जरब कुठून आली, हे तिलाही कळलं नाही. नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हाताने मूठ उलटी फिरवली. दोर सैल पडला. वहिनी कडेला पालथी पडली, तोंड बाहेरच्या बाजूला वळवून तिने लांब बांबूने दोर पायरीमागून बाजूला लोटला. तेवढ्यात लंबूने ब्लोअरची नळी आत सोडून बटण दाबलं.

"आता फिरवा. सावकाश, झटका नको."

डोकं दिसलं, मग खांदे. ओठ जांभळे पडले होते. त्याला ओढून उतारावरून वर, उघड्या हवेत नेलं. तिने त्याची मान मागे केली आणि तोंडाने श्वास भरायला सुरुवात केली, अग्निशामक दलाच्या शिबिरात शिकवला होता तसा. पहारेकरी रुग्णवाहिकेला फोन करत होता. मध्येच दिराने एक मोठा, फाटका श्वास ओढला आणि खोकायला लागला. तेव्हा कुठे वहिनी फुटपाथवर बसली.

दवाखान्यात सासूबाई आल्या त्या तिच्यावरच. "थोरला भावासाठी जीव द्यायला निघाला, न् तू त्याला अडवलंस? स्वतःचा नवरा तेवढा राखलास होय?"

उत्तर दिलं ते नवऱ्याने. "आई, तिने मला नाही राखलं. मी उतरलो असतो तर धाकटा वर आलाच नसता. वर ओढायला हात उरले नसते. तिने ढकललं म्हणून तुझी दोन्ही पोरं आज श्वास घेताहेत."

वहिनीच्या कोपराला टाकीच्या कडेवर खरचटलं होतं ते सासूबाईंना दिसलं, आणि "हे कुणाला दाखवायचं नव्हतं का?" असं दरडावत तिला हाताला धरून नर्सकडे घेऊन गेल्या. त्या घरात माफी अशीच मागतात.

दीर घरी आला. वहिनीसमोर मान वर होईना. शेवटी तिनेच विषय काढला. "भावजी, रागावू का?"

"रागवा ना. मी वाटच बघतोय."

मग ती रागावली, चांगली पोटभर. ते झाल्यावर दोघंही मोकळी झाली.

पुढच्या आठवड्यात तीच टाकी त्यांनी पुरी केली. यंत्र गप्प झाल्यावर आधी वहिनी उतरली, तोंडाशी पहाऱ्याला दीर. दर थोड्या वेळाने तो हाक मारायचा आणि तिने उत्तर द्यायला जरा उशीर केला तरी मूठ फिरवायला लागायचा. "अहो, काम तरी करू द्या!" ती आतून ओरडायची.

बातमी इतर टोळ्यांत पसरली. रविवारी त्यांच्या अंगणात रंगारी, प्लंबर, लिफ्टवाले जमायला लागले. वहिनी तिपाई मांडून समजावते, आणि बेशुद्ध माणसाचं सोंग दीर घेतो. इतकं मन लावून घेतो की एकदा लिफ्टवाल्यांची मुकादम बाई खरंच घाबरून ओरडली. त्याने एक डोळा उघडून तिला सांगितलं, "बाई, घाबरा खुशाल. फक्त आत उडी मारू नका."