हात धुतलेले होते

"तू हात लावू नको. मी पानं उलटतो. तू वाच."

राजाभाऊ असं म्हणाला. रविवारची दुपार. लाईट गेलेली, म्हणून दार उघडं टाकलेलं. खोलीत आम्ही पाचजण. कॉमिक त्याच्या मांडीवर. मी शेजारी मांडी घालून बसलेलो, आत्ताच धुतलेले हात अजून ओले. मला आधी कळलंच नाही. मी म्हणालो, "हात धुतलेत मी."

"धुतले असतील. राहू दे की."

 मी हात मागं घेतले, पँटला पुसले आणि वाचायला लागलो.

हो, वाचायला लागलो. अपमान झाला की माणूस पेटून उठतो असं लय जणांना वाटतं. मी नाही उठलो. खोटं कशाला सांगू. दातवाल्यानं सुई दिल्यावर गाल होतो तसं अंग बधिर झालं होतं. त्याच्या मांडीवरच्या पुस्तकात मान तिरपी करून बघायचं, मोठ्यानं वाचायचं, पान संपलं की "हं" म्हणायचं. मग तो उलटायचा. परत वाचायचं. हं. पुढचं पान.

मी चुडाव्याचा, परभणी जिल्ह्यातलं गाव. वडील रेल्वेच्या रुळावर काम करतात. आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्म बदलला, आडनाव तेच राहिलं, आणि आडनाव ऐकलं की लोकांना वस्ती कळते. भरतीच्या परीक्षेसाठी मला परभणीत खोली पाहिजे होती. आधी दोन ठिकाणी खरं आडनाव सांगून बघितलं. दोन्ही खोल्या उभ्या उभ्या भरल्या. तेव्हा आई म्हणाली, "गावाचं आडनाव सांग. आधी शीक. मग सांग कुणाला सांगायचं ते." आमच्यात हे नवीन नाही. गावाच्या नावाला 'कर' लावायचा, पत्ता लागत नाही. मी चुडावेकर झालो. तिसऱ्या ठिकाणचे मालक, काका म्हणायचो आम्ही त्यांना, म्हणाले, "चुडावेकर का? बरं बरं." आणि चावी दिली. आधारची झेरॉक्स मागितली होती त्यांनी. उद्या देतो, उद्या देतो म्हणत मी चार महिने काढले. झेरॉक्स बॅगेतच होती.

अभ्यासिका दोन मिनिटांवर. नळाला पाणी. परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. खोली गेली तर अभ्यास गेला, एवढं साधं होतं.

राजाभाऊ म्हणजे काकांचा पोरगा, आमच्याच वयाचा. पाथरीकडं त्यांची मोठी शेती. तोही परीक्षेची तयारी करायचा, म्हणजे आमच्या खोलीत पडून असायचा. त्याच्याकडं सुपरहीरोची कॉमिक्स होती, हिंदीतली, एक पेटी भरून. प्रत्येक पुस्तक वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. त्याचा एक नियम होता. साबणानं हात धुतल्याशिवाय पुस्तकाला शिवायचं नाही. माझ्या खोलीतला गणेश कायम चिवडा खायचा, त्याला तर दोन दोनदा मोरीवर पाठवायचा. मला तो नियम लय आवडायचा. सगळ्यांना एकच होता म्हणून.

तोवर मी असलं काही वाचलेलं नव्हतं. घरी पेपर आणि शाळेची पुस्तकं, बस. पहिल्यांदा चौकटीच कळेनात. पेपराच्या रकान्यासारखा मी वरून खाली वाचत सुटलो. आधी पूल पडला, मग हीरोनं गाडी हातावर धरली, मग ती गाडी स्टेशनातून निघाली. गणेश म्हणाला, "आडवं वाच, येड्या." सगळे हसले, मी पण हसलो. ते हसणं चांगलं होतं. नंतर गोडी लागली. पुस्तक एक, माणसं पाच, म्हणून एकानं मोठ्यानं वाचायचं ठरलं. माझी हिंदी साफ, आवाज खणखणीत. काम माझ्याकडं आलं. हीरोचा आवाज मी हळू काढायचो, गुंडाचा घोगरा. गल्लीतली दोघं तेवढ्यासाठी यायची. खोटं नाव सांगून राहणाऱ्या माणसाला कुणीतरी वाट बघतंय हे किती बरं वाटतं, ते मला विचारा.

तो हीरो दिवसा एका कचेरीत कारकून. मान खाली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. कुठं संकट आलं की अर्धं तोंड झाकायचा आणि उडायचा. माणसं वाचवायचा आणि नाव न सांगता निघून जायचा. उडणं सोडलं तर मला त्यात जगावेगळं काही वाटलं नाही.

एका रविवारी गणेश म्हणाला, "एवढी ताकद हाय तर तोंड कशाला झाकतो हा?"

माझ्या तोंडातून निघून गेलं. "त्याची वस्ती कळली तर त्याला मदतीला कोण बोलावंल? बुडायलेला माणूस बी आधी आडनाव विचारतो."

मी मनापासून बोललो होतो. गोष्टीत पुढं ते येणारच, असं मी धरूनच चाललो होतो. गणेश हसून लोळला. "अरे, दुश्मन घरच्यांना मारतील म्हणून झाकतो. तुला काय सुचंल, नेम न्हाई."

राजाभाऊ हसला नाही. त्यानं विचारलं, "चुडाव्यात तुमचं घर कुठं हाय?"

"स्टेशनकडं."

"स्टेशनकडं कुठं?"

कुठल्याही गल्लीचं नाव ठोकून द्यायचं, एवढंच होतं. जमलं नाही.  त्यानं परत विचारलं नाही. पुस्तक पिशवीत घातलं आणि उठला.

आठवडाभर तो खोलीकडं फिरकला नाही. विसरला असंल, असं मी स्वतःला सांगत होतो. मग पुढचा रविवार आला, तो पुस्तक घेऊन आला, आणि मी सुरुवातीला सांगितलं ते झालं.

आवाज चालत होता. हात चालत नव्हता. हे कळायला मला सहा-सात पानं लागली.

मग गणेश पुढं वाकला आणि एका चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "हे बघ कसला हाणलाय." त्याची बोटं पिवळी होती. हात धुतले नव्हते त्यानं. पानावर तेलाचा डाग पडला. मी राजाभाऊकडं बघितलं. आता ओरडंल, मोरीवर पाठवंल. त्यानं डाग बघितला आणि पुस्तक तसंच मांडीवर राहू दिलं. 

त्या पानावर हीरोनं वाचवलेली बाई त्याला विचारते, तुम्ही कोण? तो उत्तर न देता उडून जातो. ते मी वाचलं, बाईच्या आवाजात. पान संपलं. मी "हं" म्हणालो नाही.

राजाभाऊ म्हणाला, "झालं का?"

"न्हाई."

मी हात पुढं केला, पुरा पंजा कागदावर ठेवला आणि पान मीच उलटलं. पुढच्या पानावर काय होतं, मी बघितलं नाही. हात तिथंच ठेवून म्हणालो, "मी चुडावेकर न्हाई." मग माझं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं. बॅगेतून झेरॉक्स काढली आणि उघड्या पुस्तकावर ठेवली. "काकांनी मागितली होती. द्या त्यांना."

धाडस वगैरे म्हणू नका. आवाज कापला नाही, कारण अंग बधिरच होतं.

तासाभरात काका दारात आले. आवाज मऊच. "पाहुणे यायलेत रे बाबा. खोली लागायलीय." मी गादी गुंडाळली. गणेश फाटकापर्यंत बॅग घेऊन आला. म्हणाला, "काय गरज होती बोलायची? परीक्षा होईस्तोर गप राहिला असता तर भागलं असतं."

"तुझं भागलं असतं," मी म्हणालो.

घरी आई कपाळाला हात लावून बसली. दोन महिने दम धरायचा होतास, म्हणाली. वडील कामावरून आले. सगळं ऐकलं. म्हणाले, "माझ्या हजेरीवर आडनाव पुरं हाय." आणि जेवायला बसले.

आता रोज पॅसेंजरनं परभणीला जातो-येतो. परभणीच्या अलीकडचं पिंगळी स्टेशन येईपर्यंत जागा मिळत नाही, उभ्यानं वाचतो. जाण्यायेण्यात लय वेळ जातो. परीक्षेत काय होईल, माहीत नाही. रविवारी तिथंच खोल्या बघतो. तीन दारं बंद झाली. एका बाईनं खोली दाखवली, नवऱ्याला विचारून कळवते म्हणाली, अजून कळवलेलं नाही.

राग अजून आलेला नाही. त्याची वाट बघत बसणार नाही. झेरॉक्स आता शर्टाच्या खिशात असते. येत्या रविवारी स्टेशनमागच्या गल्लीत जाणार आहे. चप्पल पायात ठेवून, दारातच, आधी आडनाव सांगणार. खोली नंतर बघणार.