चमकीशेजारचा डाग आणि टेराहर्ट्झ

फेब्रुवारीतला दुसरा गुरुवार, सकाळी साडेदहा. सांगलीतल्या एका रुग्णालयाचा त्वचाविभाग. हजर : मी, माझी नणंद शालन आणि डॉक्टर मॅडम.

“बायोप्सीचा रिपोर्ट आलाय. बेसल सेल कार्सिनोमा आहे,” मॅडम म्हणाल्या. त्वचेच्या तळच्या थरातून सुरू होणारा हा कर्करोग. हळू वाढतो, सहसा दूर पसरत नाही. पण राहू दिला तर आजूबाजूचं खात जातो.

नाकावर, चमकीच्या शेजारी, वर्षभर एक फोड होता. खपली धरायची, पडायची, पुन्हा रक्त. आमच्याकडे साताऱ्यात घरच्यांचं एकच मत : चमकी टोचतेय. मी दोनदा चमकी बदलली, डॉक्टरांना एकदाही दाखवलं नाही. तुम्ही असं करू नका. महिनाभरात न भरणारी जखम दाखवा.

आता प्रश्न होता, डाग कुठे संपतो? पापणीपर्यंत पोहोचला असेल, तर पापणीचाही भाग काढावा लागणार होता.

तिथे संशोधनासाठी टेराहर्ट्झ इमेजिंगचं यंत्र होतं. या लहरी मायक्रोवेव्ह आणि इन्फ्रारेड यांच्या मधल्या. त्यांना पाणी चटकन कळतं. रोगट आणि निरोगी त्वचेतलं पाणी कमीजास्त असतं, त्यावरून वरच्या थराचं चित्र उमटतं. एक्स-रेसारखा किरणांचा धोका नाही, पण फार खोलचं दिसत नाही. संमतीपत्र वाचून मी सही केली.

मंगळवारी स्कॅन. सूचनांच्या कागदावर ओळीओळीला खूण केली होती : चमकी काढली, क्रीम नाही, पावडर नाही, मलम नाही.

चित्र आलं आणि मॅडम पडद्याजवळ वाकल्या. नाकापासून पापणीपर्यंत सगळा पट्टा वेगळ्या रंगाचा.

“ताई, चेहऱ्याला काही लावलंय?”

“काही नाही.” मी कागद पुढे केला.

“आवं वैनी,” मागून शालन म्हणाली, “सकाळी खोबरेल चोळलं न्हवं का तुमी?”

“ते काय लावणं झालं का? रोजचं तेल ते.”

“मग सांगा तसं त्या मशिनीला.”

मॅडम हसल्या. तेलाखाली त्वचेतला ओलावा कोंडतो, चित्र फसतं. चेहरा धुतला, टिपला आणि तासभर बाहेर बसलो. रजा, डबे, पाहुण्यांना निरोप, अशी ऑपरेशनआधीच्या कामांची यादी मी करत होते. ‘डोळा नीट मिटेल का’ एवढं लिहिलं आणि पेन पुढे सरकेना.

दुसऱ्या चित्रात डाग हरभऱ्याच्या डाळीएवढा होता. पापणी मोकळी.

“चांगलं दिसतंय,” मॅडम म्हणाल्या, “पण हे यंत्र अजून शिकतंय. खरं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली.”

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. काढलेल्या तुकड्याच्या कडा फ्रोझन सेक्शननं, म्हणजे तिथल्या तिथे गोठवून, काप घेऊन तपासल्या. स्वच्छ निघाल्या. पापणीला हात लागला नाही. सात टाके पडले. भूल उतरल्यावर मी दोन्ही डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

शालनचे आणि मॅडमचे आभार मानले. मॅडमनी उलट काम दिलं : सूचनांचा कागद आपल्याकडच्या लोकांना समजेल असा लिहून द्या. ‘हे लावू नका’ याखाली खोबरेल, साय, बेसन, हळद, तूप एवढं लिहून झालं. दाढीनंतर तुरटी फिरवतात, हे शालननं सांगितलं. पुरुष आणखी काय काय लावतात, ते नवऱ्याला विचारायचं राहिलंय.